बाळाला अंडं, शेंगदाणा कधी द्यायचा? नुसतं थांबून ॲलर्जी टळत नाही

माझा मुलगा लहान होता तेव्हा आमच्या फ्रीजवर माझ्याच अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. दूध एक वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर, आणि शेंगदाणा, काजू-बदाम, मासे तीन वर्षांनंतर. मी तो इमानेइतबारे पाळला, कारण तेव्हा सल्लाच तसा होता. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स म्हणून तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना आहे, त्यांनी २००० साली हेच वेळापत्रक दिलं होतं, म्हणजे खरं तर ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त आहे फक्त त्यांच्यासाठी, पण ते "फक्त" वाटेत कुठेतरी गळलं आणि जगभरच्या आयांनी ते सरसकट लावलं.

बऱ्याच वर्षांनी धाकट्या बहिणीला मुलगी झाली. पाच महिन्यांची असताना तिचे गाल लाल, कोपराच्या घडीत चिरा पडलेल्या, रात्रभर खाजवायची बिचारी. एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी, लाल होऊन सतत खाज सुटणारा आजार. डॉक्टरांनी क्रीम दिलं आणि जाता जाता म्हणाले की हिला शेंगदाणा आणि अंडं लवकर सुरू करायला हवं, त्याआधी एक टेस्ट करून घेऊ. बहीण घाबरीघुबरी होऊन मला फोनवर म्हणते, "ताई, तुझ्या कागदावर तर तीन वर्षं लिहिलं होतं ना गं? आणि हे म्हणतायत आत्ताच द्या, तेही हिच्यासारख्या नाजूक बाळाला!"

तेव्हा तिला जे समजावलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हा गोंधळ अजूनही घरोघरी आहे. घरातले मोठे जुना सल्ला सांगतात, डॉक्टर नवा, आणि मधल्यामधे बाळाचे महत्त्वाचे महिने निघून जातात.

आधी ॲलर्जी म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. आपली प्रतिकारशक्ती दिवसभर एकच काम करत असते, समोर आलेलं आपलं की परकं, धोक्याचं की निरुपद्रवी हे ओळखायचं. अन्न हे खरं तर परकंच, पण रोज पोटात जातं म्हणून शरीर त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकतं. ॲलर्जी असलेल्या माणसात ही ओळख चुकते. शेंगदाण्यातलं एखादं प्रोटीन शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाच्या अँटीबॉडी बनवून ठेवतं. या अँटीबॉडी मास्ट सेल नावाच्या पेशींवर जाऊन बसतात, आणि त्या पेशी त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात सगळीकडे असतात. पुढच्या वेळी तोच शेंगदाणा आला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टमिन वगैरे रसायनं बाहेर टाकतात, मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, आणि फार वाढलं तर श्वास अडकतो. म्हणजे शरीराने एकदा डूख धरला की एवढासा कणसुद्धा पुरतो.

तर प्रश्न असा की शरीर कुणाबद्दल डूख धरतं आणि कुणाला आपलं म्हणतं? इथेच जुना सल्ला चुकला होता. तेव्हाचा विचार असा की बाळाचं आतडं कच्चं आहे, लवकर दिलं तर शरीर बिथरेल, म्हणून थांबा. ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे. पण मुलं थांबली आणि तरीही शेंगदाण्याची ॲलर्जी वाढतच गेली. २००३ साली लंडनच्या गिडिऑन लॅक आणि त्यांच्या टीमचं एक संशोधन छापून आलं, त्यात दिसलं की ज्या बाळांच्या पुरळ आलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीमं लावली गेली होती त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. म्हणजे खाल्लंच नव्हतं, लावलं होतं!

यातून पुढे जी कल्पना आली ती मी बहिणीला अशी सांगितली. एकच माणूस, पण उंबरा ओलांडून समोरून आला तर पाहुणा आणि भिंत फोडून आला तर चोर. अन्नाचं तसंच आहे. तोंडातून पोटात गेलेलं अन्न समोरच्या दाराने येतं, आतड्याभोवती प्रतिकारशक्तीची मोठी फौज बसलेली असते आणि तिचं मुख्य काम शांत राहायला शिकवणं हे असतं. एक्झिमावाल्या बाळाची त्वचा मात्र चिरलेली, गळकी असते, आणि घरात कुणी शेंगदाणे खात असेल, अंडी फोडत असेल तर त्याचे सूक्ष्म कण धुळीत, अंथरुणात, आपल्या हातांवर असतातच, ते या चिरांमधून आत जातात. त्वचेतली फौज जखमेच्या जागी आधीच भडकलेली, तिच्यासाठी तो चोरच. म्हणजे आपण तोंडातून द्यायचं टाळून जेवढे महिने थांबतो तेवढे महिने शरीराचा धडा त्वचेतून सुरूच असतो, आणि तो उलटा धडा असतो. कुणाची त्वचा मुळातच गळकी असणं हे बरचसं आनुवंशिक आहे, फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन त्वचेचा बांध घट्ट ठेवतं, त्याच्या जीनमधे बिघाड असला की एक्झिमाचा आणि त्यामागून ॲलर्जीचा धोका वाढतो.

बहिणीने लगेच विचारलं, "हे सगळं ठीक आहे गं, पण सिद्ध झालंय का?" योग्य प्रश्न. कारण पहिला सल्लासुद्धा तज्ज्ञांचाच होता, फक्त त्यामागे पुरावा कमी होता.

पुरावा असा गोळा झाला. लॅक यांच्या टीमच्या लक्षात आलं की इस्रायलमधे शेंगदाण्याची ॲलर्जी क्वचितच दिसते, ब्रिटनमधे मात्र भरपूर. २००८ साली त्यांनी दोन्हीकडच्या ज्यू मुलांची तुलना छापली, वंश साधारण सारखा पण राहणं वेगळं, तर ब्रिटनमधल्या मुलांमधे प्रमाण सुमारे १० पट निघालं. फरक एक मोठा होता, इस्रायलमधली बाळं वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे पदार्थ खायला लागतात, तिथे त्याचा तोंडात विरघळणारा फुगवलेला खाऊच मिळतो, आणि ब्रिटनमधली बाळं तेव्हा सल्ल्याप्रमाणे लांब ठेवली जात होती. पण नुसत्या तुलनेवरून काही ठरवता येत नाही, आणखीही दहा कारणं असू शकतात. म्हणून मग लीप नावाची ट्रायल झाली. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटाने शेंगदाणा पूर्ण टाळायचा, दुसऱ्याने आठवड्यातून निदान तीनदा खायचा, आठवड्याला मिळून ६ ग्रॅम शेंगदाणा प्रोटीन पोटात जाईल असा. असं वयाच्या पाच वर्षांपर्यंत. २०१५ मधे निकाल आला. टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा फ्रीजवरचा कागद डोळ्यांसमोर आला आणि खरंच पोटात कालवलं, जरी माझ्या मुलाला सुदैवाने काही झालं नव्हतं.

मजबूत गोष्ट पुढेच आहे. पाच वर्षांनंतर खाणाऱ्या गटालाही एक वर्ष शेंगदाणा बंद करायला सांगितला, तरी संरक्षण टिकलं. आणि हीच मुलं १२-१३ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, मधल्या काळात कुणी खात होतं कुणी नव्हतं, तरी लहानपणी खाल्लेल्या गटात ॲलर्जी ७१ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे बाळपणी शरीराने घेतलेली ओळख लांब पल्ल्याची असते.

अंड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती नीट लक्षात ठेवायला हवी. जपानमधे एक्झिमा असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पावडर अगदी कमी प्रमाणात रोज दिली, सोबत एक्झिमाची ट्रीटमेंट चालू ठेवली. वर्षाच्या वयाला अंड्याची ॲलर्जी त्या गटात ८ टक्के आणि न दिलेल्या गटात ३८ टक्के. जर्मनीतल्या एका ट्रायलमधे मात्र शिजवलेल्याऐवजी कच्च्या, फक्त पाश्चराइज केलेल्या अंड्याची पावडर वापरली होती, तिथे फायदा दिसला नाही आणि काही बाळांना तीव्र रिॲक्शन आल्या. त्यामुळे अंडं द्यायचं ते पूर्ण शिजवलेलंच, बलक वाहता असलेलं हाफ बॉइल नाही. उष्णतेने अंड्यातली काही प्रोटीनं मोडतात आणि शरीराला ती सौम्य लागतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं. हे सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि इथेच लोक अडखळतात.

वरचं अन्न सुरू करण्याचं वय साधारण सहा महिने, आणि चार महिन्यांच्या आत कुठल्याही परिस्थितीत नाही. पण कॅलेंडरपेक्षा बाळाकडे बघा, मान नीट धरतंय का, आधार दिला की बसतंय का, चमचा पुढे केला की तोंड उघडतंय की जिभेने सगळं बाहेर ढकलतंय. आधी दोन-चार साधे पदार्थ, एखाद्या भाजीचा किंवा फळाचा मऊ गर वगैरे, अंगवळणी पडू दे, मग ॲलर्जीवाले पदार्थ आणायला लागा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, ते थांबवून काही करायचं नाहीये. आणि आईने स्वतः शेंगदाणा, अंडं सोडून बाळाची ॲलर्जी टळते असंही दिसलेलं नाही, तेव्हा स्वतःची उपासमार करू नका.

बाळाला एक्झिमा नाही, कुठली फूड ॲलर्जी नाही, तर घरीच सुरू करता येतं. सौम्य किंवा मध्यम एक्झिमा असेल तर सहा महिन्यांच्या आसपास मुद्दाम लक्षात ठेवून सुरू करा, टाळू नका. तीव्र एक्झिमा असेल, किंवा अंड्याची वगैरे ॲलर्जी आधीच असेल, तर मात्र घरी प्रयोग नको, आधी डॉक्टर. या बाळांसाठी २०१७ च्या अमेरिकन गाइडलाइन्स सांगतात की चार ते सहा महिन्यांतच शेंगदाणा सुरू करावा, पण आधी टेस्टचा विचार करून, आणि गरज पडली तर पहिला घास दवाखान्यातच देऊन. लक्षात घ्या, ज्यांना सगळ्यात जास्त धोका त्यांनाच लवकर देण्याचा फायदा सगळ्यात जास्त, आणि आपण नेमकं त्यांनाच जास्त थांबवत आलो.

टेस्टबद्दल एक सांगायलाच हवं. त्वचेवर टोचून बघतात किंवा रक्तातलं आयजीई मोजतात, ते पॉझिटिव्ह आलं म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं. त्याचा अर्थ शरीराने त्या पदार्थाची दखल घेतलीय एवढाच, खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. म्हणून काहीही लक्षण नसताना पंचवीस पदार्थांचं पॅनेल करून आणलं की घोळ होतो, दहा पॉझिटिव्ह निघतात, आई घाबरून दहाही बंद करते, आणि जे बाळ बिनधास्त खाऊ शकलं असतं त्याचं खाणं बंद पडून उलट खरी ॲलर्जी व्हायची वाट मोकळी होते. टेस्ट करायची तर नेमक्या पदार्थाची, आणि निकाल वाचायला अनुभवी डॉक्टर.

पहिला घास कसा द्यायचा? बाळ ठणठणीत असलेला दिवस निवडा, ताप, सर्दी, जुलाब, लसीचा दुसरा दिवस असं काही नको, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. सकाळची किंवा दुपारची वेळ घ्या, झोपेच्या तोंडावर नको, कारण पुढचे दोन तास बाळ जागं आणि तुमच्या डोळ्यांसमोर हवं. एका वेळी एकच नवीन पदार्थ. शेंगदाणा असेल तर दोन छोटे चमचे मऊ, बिनसाखरेचं पीनट बटर घ्या, यात साधारण २ ग्रॅम प्रोटीन असतं, कोमट पाणी घालून पातळ करा आणि गार होऊ द्या. घट्ट पीनट बटर तसंच देऊ नका, टाळूला चिकटून घशात बसतं. अख्खा दाणा, तुकडे तर चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच, ते श्वासनलिकेत जातात. आधी चमच्याच्या टोकाला लागेल एवढंच चाटवा. दहा मिनिटं थांबा. काही नाही झालं तर उरलेलं बाळाच्या नेहमीच्या गतीने भरवा.

आणि बाळाच्या हातावर किंवा गालावर चोळून "आधी बघू" असं अजिबात करू नका, प्लीज. वर सांगितलं ना, त्वचेतून ओळख झाली की तीच उलटी ओळख. खाण्याची ट्रायल तोंडातूनच.

मग बघत काय राहायचं? खरी रिॲक्शन बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. अंगावर ठिकठिकाणी गांधी, ओठ-पापण्या सुजणं, लागोपाठ उलट्या, हे दिसलं तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. पण खोकल्याची उबळ, घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, बाळ एकदम पांढरं पडणं, मान टाकणं, यातलं एक जरी दिसलं तरी क्षणाचीही वाट न बघता इमर्जन्सी. अशा वेळी औषध म्हणजे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, ॲलर्जीचं सिरप देऊन घरी वाट बघणं धोक्याचं आहे. असं क्वचितच होतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळांमधे जीव धोक्यात येणं तर फारच विरळ, पण माहीत असलेलं बरं. आणखी एक प्रकार आहे, एफपाईज म्हणतात, त्यात गांधी वगैरे काही येत नाही, पण खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ भडाभडा उलट्या करतं आणि मलूल होतं. लोकांना वाटतं पोट बिघडलं. त्याच पदार्थाने दुसऱ्यांदा तेच झालं तर डॉक्टरांना हा शब्द विचारा.

तोंडाभोवती नुसती लाली मात्र वेगळी. आंबट फळं, टोमॅटो, कधी अंडंसुद्धा जिथे लागतं तिथेच त्वचा लाल होते आणि थोड्या वेळात जाते.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. एकदा देऊन, काही झालं नाही म्हणून फोटो काढून विषय संपला, असं करून चालत नाही. लीपमधली मुलं आठवड्याला तीन वेळा खात होती, वर्षानुवर्षं. एकदा ओळख करून देऊन मग महिनोन्महिने तोंड दाखवलं नाही तर शरीर विसरतं, आणि त्वचेतून येणारा धडा तर चालूच आहे. ब्रिटनमधल्याच ईट नावाच्या दुसऱ्या ट्रायलमधे १३०० बाळांपैकी अर्ध्यांना तीन महिन्यांपासून शेंगदाणा, अंडं, दूध, तीळ, मासा, गहू असे सहा पदार्थ द्यायला सांगितले होते. सगळ्यांचा हिशोब केला तर फरक ठोस निघाला नाही, कारण निम्म्याहून जास्त घरांना एवढं सगळं नियमित जमलंच नाही. ज्यांनी नीट पाळलं त्यांच्यात मात्र शेंगदाण्याची ॲलर्जी शून्य होती, टाळणाऱ्यांत २.५ टक्के. अर्थात ज्यांना जमलं ती बाळं मुळात कमी धोक्याची असू शकतात, त्यामुळे या आकड्यावर फार उड्या मारू नयेत, पण जमेल एवढंच आणि नियमित हा धडा खरा आहे. शेंगदाणा आणि अंडं यांना पहिला नंबर द्या, पुरावा त्यांचाच भक्कम आहे. बाकीचे, म्हणजे दूध, गहू, तीळ, सोया, मासे, काजू-बदामाची पेस्ट, हे वर्षाच्या आत एकेक करून घरच्या जेवणातून आणा, तुमच्या घरात जे खातच नाहीत त्यासाठी जिवाचा आटापिटा नको. गाईचं दूध पदार्थात चालतं, पण आईच्या दुधाऐवजी पिण्याचं मुख्य दूध म्हणून वर्षापर्यंत नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्याचं कारण ॲलर्जी नाही, बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा आहे.

एवढं सगळं करूनही काही मुलांना ॲलर्जी होतेच, खाणाऱ्या गटातही ३.२ टक्के होतेच ना. तेव्हा ज्यांच्या मुलाला झालीय त्यांनी, मी हे केलं नाही म्हणून झालं, असं स्वतःला खात बसू नका. आणि ॲलर्जी एकदा झाली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, घरी थोडं थोडं देऊन सवय लावायचा प्रयत्न करू नका, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम आहे.

बहिणीच्या मुलीची टेस्ट झाली, टोचलेल्या जागी अगदी बारीक फुगवटा आला, डॉक्टरांनी दवाखान्यातच समोर बसवून शेंगदाणा भरवला. काही झालं नाही. मग दोन आठवड्यांनी घरी अंडं. मी मुद्दाम गेले होते. दहा मिनिटं उकडलेलं अंडं काट्याने अगदी बारीक कुस्करलं, थोडं दूध घालून मऊ केलं, बहिणीने घड्याळ समोर ठेवलं होतं आणि चमचा धरलेला हात थरथरत होता. तीन घास झाले आणि हनुवटीवर लाल चट्टे. बहिणीने वाटी बाजूला सारली. पण बाळ हसत होतं, पोटावर पाठीवर काही नाही, श्वास व्यवस्थित, फक्त जिथे अंडं ओघळलं होतं तिथेच. आम्ही त्या दिवशी पुढे दिलं नाही, फोटो डॉक्टरांना पाठवला. अर्ध्या तासात चट्टे गेले. डॉक्टर म्हणाले, चिरलेल्या त्वचेला लागलं म्हणून झालंय, भरवायच्या आधी तोंडाभोवती व्हॅसलिन लावा आणि परवा पुन्हा द्या, बंद मात्र करू नका. परवा दिलं. लाली आली नाही. आता बहिणीच्या फ्रीजवरही एक कागद आहे, त्यावर सोम, बुध, शुक्र शेंगदाणा, मंगळ, शनि अंडं.